डावा चाप

सरोजिनी नगरात आम्ही राहत होतो त्या रांगेतली सरकारी घरे जोडीजोडीने उभी होती, आणि जोडीतले एक घर म्हणजे दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंबच असे. आमच्या घरात शिरताच स्वयंपाकघर उजव्या हाताला लागे, शेजाऱ्यांच्या घरात ते डाव्या हाताला. मधली भिंत एकच. बांधकाम खात्याच्या दृष्टीने ती काटकसर असावी, कारण दोन्ही घरांचे नळ एकाच भिंतीतून नेता येत. माझ्या दृष्टीने मात्र तो एक नित्याचा घोटाळा होता. शेजारी पाणी प्यायला म्हणून उठलो की पाय आपोआप उजवीकडे वळत आणि मी न्हाणीघराच्या बंद दारासमोर जाऊन उभा राही. घर अनोळखी असते तर मी विचारून गेलो असतो. ते नको तितके ओळखीचे होते, फक्त उलटे होते.

हे शेजारी संरक्षण खात्यात ड्राफ्ट्समन होते. नोकरीची पहिली वर्षे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढून ते दिल्लीला आले होते. सगळी रांग त्यांना नाना म्हणे. संध्याकाळी मागच्या व्हरांड्यात कानस, करवत आणि एक जुना शिकंजा एवढ्या सामग्रीवर ते जुन्या शस्त्रांच्या लाकडी-पितळी प्रतिकृती करीत बसत. आमच्या चिरंजिवांना आठवे वर्ष लागले तेव्हा, म्हणजे १९७९ साली, त्यांनी त्याला एक चकमकीची बंदूक करून देण्याचे कबूल केले. नळीला भोक असणार नव्हते. शस्त्रांच्या कायद्याशी झगडण्याची हौस आम्हां दोघाही सरकारी नोकरांना नव्हती. पण चाप मात्र खरा असणार होता. घोडा पडणार, गार घासणार, ठिणग्या उडणार. कागदावर रेघा मारता मारता नानांनी मान वर न करता मला विचारले, "चाप डावा करू की उजवा?"

चिरंजीव जन्माने डावखुरा. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "उजवाच करा."

त्या दोन शब्दांचा विचार मी गेली पंचेचाळीस वर्षे अधूनमधून करीत आलो आहे. खेळण्यातल्या बंदुकीवर इतका विचार खर्च करावा का, असे कोणी विचारील. पण मोठे नैतिक प्रश्न आपल्यापुढे मोठ्या रूपात फार क्वचित येतात. बहुधा ते अशाच एखाद्या फुटकळ प्रश्नाच्या वेषात येतात, आणि आपण उत्तर देऊन मोकळे झाल्यावर ओळखू येतात.

प्रथम त्या यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. चाप या शब्दाने आज आपण बंदुकीची बोटाने ओढायची कळ समजतो; जुन्या वापरात तो शब्द बार उडविणाऱ्या साऱ्या यंत्रणेलाच लावीत, आणि नानाही तो त्याच अर्थाने वापरीत. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा घट्ट धरलेला असतो. कळ ओढली की कमानीच्या जोराने घोडा पुढे झेपावतो. गार समोरच्या पोलादी पत्र्यावर घासते. त्याच धक्क्याने पत्रा उचलला जाऊन त्याखालचा प्याला उघडा पडतो. ठिणग्या प्याल्यातल्या रंजकेवर पडतात आणि नळीच्या कुशीला पाडलेल्या कानातून ती आग आतल्या दारूपर्यंत पोहोचते. ही रचना सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये सिद्ध झाली आणि पुढे दीर्घकाळ युरोपातल्या फौजांची भिस्त तिच्यावर होती.

आता हा प्याला नळीच्या बाहेर, एका अंगाला असतो, आणि तो जवळजवळ नेहमीच उजव्या अंगाला. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो. बार उडताना प्याल्यातून जी ज्वाळा उठते आणि कानातून ठिणग्यांची जी बारीक पिचकारी सुटते, ती आणि त्याचा चेहरा यांच्यामध्ये नळीची आडभिंत येते. डावखुऱ्याने तीच बंदूक डाव्या खांद्याला लावली की त्याचा गाल आणि प्याला एकाच अंगाला येतात. मग ज्वाळा उठते ती त्याच्या डोळ्यापुढेच. शिवाय घोडा चढवायला, प्याल्यात रंजक घालायला त्याला नळीवरून हात फिरवून पलीकडे न्यावा लागतो तो वेगळाच.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे तोच चाप काढून दुसऱ्या अंगाला बसवावा. तो चालत नाही. उजवा चाप फिरवून डावीकडे लावला की घोड्याचे तोंड मागे होते आणि गार बंदूकवाल्याच्याच दिशेने झेप घेते. तो उलथा करावा तर प्याल्यातली रंजक जमिनीवर सांडते. डाव्या चापासाठी घोडा, कमान, पट्टी, पत्रा, प्याला हा सारा सरंजाम मुळापासून उलटा घडवावा लागतो. दोन्हींची मापे तंतोतंत सारखी असतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याला १७६८ साली हेच कोडे पडले होते, आणि १७८३ साली त्याने ते हातमोज्याच्या दृष्टांताने पुन्हा मांडले: डावा हात आणि उजवा हात यांच्या अवयवांचे शब्दांत कितीही वर्णन केले तरी भेद सापडत नाही, तरीही एकाचा मोजा दुसऱ्याला होत नाही. कांटने त्यातून अवकाशाच्या स्वरूपाविषयी सिद्धांत काढले. माझ्या डोक्यात त्यातून निघाला तो खर्चाचा मुद्दा. नानांनाही डाव्या चापाला दुप्पट वेळ लागणार होता, कारण त्यांच्याजवळचे सगळे नकाशे उजव्या चापाचे होते.

परंतु मी "उजवाच करा" म्हणालो ते नानांचे श्रम वाचावेत म्हणून नव्हे. माझ्यापाशी एक विचार तयार होता. तो चुकीचा होता असे मी आजही सरसकट म्हणणार नाही.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला पटपडगंज हे नाव बसच्या पाटीवरून परिचयाचे असते. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पलीकडे तेथे दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि जनरल लेकची इंग्रजी फौज यांची गाठ पडली, शिंद्यांच्या बाजूचा फ्रेंच सेनानी बुर्कँ हरला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. नोएडाच्या गोल्फच्या मैदानात त्या लढाईचा स्मारकस्तंभ आहे. त्या पलटणी महादजी शिंद्यांच्या काळात द ब्वान्य याने उभारल्या होत्या. आग्र्याला त्यांच्यासाठी तोफा आणि बंदुका तयार होत असत. कवायती पलटण म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसांची भिंत. भरा, ठासा, चढवा, झाडा, या प्रत्येक हुकुमाला शेकडो हात एकाच दिशेने हलले पाहिजेत. अशा ओळीत एखाद्याने डावा खांदा पुढे केला तर त्याचे कोपर शेजाऱ्याच्या कोपराला लागेल, त्याचा गज शेजाऱ्याच्या तोंडासमोर येईल आणि त्याच्या बंदुकीचा कान भलत्याच माणसाच्या डोळ्यावर आग टाकील. तेथे डावखुऱ्याने उजवे व्हायचे, हा नियम शेजाऱ्याच्या डोळ्याच्या रक्षणासाठी आहे. त्यात क्रौर्य पाहणाऱ्याने ओळीत उभे राहू नये.

आपण सरकारी माणसे जन्मभर ओळीतच उभी असतो. नियम सर्वांना सारखा, तो तोंड पाहत नाही, हीच त्याची प्रतिष्ठा, असे मी माझ्या हाताखालच्या लोकांना कितीदा सांगितले असेल! केंद्र सरकारच्या फायलीत टिप्पणी डावीकडे आणि पत्रव्यवहार उजवीकडे. कोणा सचिवाला उलटे सोयीचे वाटले म्हणून ते बदलत नाही, आणि बदलत नाही म्हणूनच वीस वर्षांनी अनोळखी माणसाला ती फाईल वाचता येते. (विचार डावीकडे आणि पत्रे उजवीकडे, यात कोणाचा काही हेतू असेल असे वाटत नाही.) मुलाच्या बाबतीत मी हाच न्याय लावला. कात्री उजवी, कुलपे उजवी, शाळेतल्या बाकाचा हात उजवा, उद्या सैन्यात गेला तर बंदुकीचा खटका उजवा. जग उजवे आहे. ते आपल्यासाठी उलटे घडविले जाणार नाही हे त्याला जितक्या लवकर उमगेल तितके बरे. खेळण्यापासूनच सवय झाली तर पुढे बोचणार नाही.

नानांनी वाद घातला नाही. वाद घालण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. दुसऱ्या रविवारी त्यांनी चिरंजिवाला जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेले, मीही गेलो. शस्त्रांच्या दालनात त्यांनी मुलाला खेळ लावून दिला: डावीकडे प्याला असलेली एक तरी बंदूक शोधून दाखव. मुलगा काचेला नाक लावून प्रत्येक पेटीपाशी थांबत गेला. एकही सापडली नाही. मला मनातून बरे वाटले. इतिहास माझ्या बाजूने साक्ष देत होता. परतताना बसथांब्यावर नाना म्हणाले, "युरोपात दोन नळ्यांच्या शिकारी बंदुका करीत, ठाऊक आहे ना? शेजारी शेजारी दोन नळ्या आणि दोन चाप. एक उजवा, एक डावा."

एवढेच बोलून ते थांबले. त्या वाक्याचा अर्थ माझ्या ध्यानात यायला बस सफदरजंगापर्यंत यावी लागली. दोन नळ्यांच्या प्रत्येक बंदुकीला एक डावा चाप लागतोच. म्हणजे अठराव्या शतकातला कारागीर डावे चाप नित्य घडवीत होता. त्याच्याकडे कसब होते, नकाशे होते, साचे होते. अशक्य असे काहीच नव्हते. डाव्या अंगाच्या नळीसाठी तो खुशाल डावा चाप घडवी. डाव्या हाताच्या माणसासाठी घडविण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर क्वचित येई. नळीची अडचण त्याला अडचण वाटली. माणसाच्या अडचणीवर उपाय ठरलेला होता, आणि तो माणसानेच करायचा होता.

मग मी माझा विचार पुन्हा तपासू लागलो तेव्हा त्यातली एक फट मला दिसली. पलटणीची बंदूक आणि एकट्या माणसाने स्वतःसाठी घडवून घेतलेली बंदूक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली ओळीसाठी असते. दुसरीला ओळ नसते, शेजारी नसतो, कोणाचा डोळा धोक्यात नसतो. असलाच तर बंदूकवाल्याचा स्वतःचा. तरीही जगभर माणसे एकेकट्यासाठी बंदूक घडवितानासुद्धा पलटणीचाच नमुना गिरवीत आली. आजही हौसेने अशा बंदुका बांधणारे लोक परदेशांत आहेत, आणि त्यांच्यातल्या डावखुऱ्यांना हाच प्रश्न पडतो: डावा चाप घ्यावा तर निवड थोडी, उजवा घ्यावा तर मुबलक, पण तोंडापुढे आग. त्यांतले पुष्कळ जण उजवाच घेतात आणि डोळ्यांवर चष्मा चढवितात. सवय होते, असे ते म्हणतात. होत असेलच. सवय न होणारी गोष्ट जगात फार थोडी आहे, आणि म्हणूनच "सवय होते" हा कोणत्याही अन्यायाच्या समर्थनाचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

येथे एक जुना ग्रीक वाद आठवतो. प्लेटोने आपल्या 'कायदे' या ग्रंथात म्हटले आहे, की निसर्गतः दोन्ही हात सारखेच. दाया आणि आया यांच्या मूर्खपणामुळे आपण एका हाताने लंगडे होतो. ॲरिस्टॉटलने हातांचाच दाखला नीतिशास्त्रात घेतला, तोही नेमका नैसर्गिक न्याय आणि रूढीचा न्याय यांतला भेद सांगताना. उजवा हात निसर्गतःच बलवान, पण प्रयत्नाने सर्वांनाच दोन्ही हातांत सारखे कौशल्य आणता येईल, असे तो म्हणतो. मला ही दोन मते वाचताना गंमत वाटते ती अशी, की माणसांतला दहावा हिस्सा जन्मतः डावखुरा असतो, आणि या दोघांपैकी कोणीही तेथे त्याचा विचार केलेला दिसत नाही. एक म्हणतो सर्व सारखे, दुसरा म्हणतो सर्व उजवे. पण ॲरिस्टॉटलच्या म्हणण्यातला दुसरा भाग विचार करण्यासारखा आहे. शिकता येते, मग शिकवू नये का? अर्जुनाला आपण सव्यसाची म्हणतो ते दोन्ही हातांनी धनुष्य ओढी म्हणून, आणि ते कौतुकाने म्हणतो. गांधीजींनी १९०९ साली इंग्लंडहून आफ्रिकेला परतताना बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिले. उजवा हात थकला तेव्हा सुमारे चाळीस पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली. तेव्हा दुसरा हात शिकविणे हे काही पाप नव्हे.

नव्हेच. पण गांधीजींचा डावा हात त्यांच्या उजव्याच्या मदतीला गेला होता, त्याच्या जागी नव्हे, आणि तो त्यांनी स्वतः पाठविला होता. अर्जुनाला दुसरा हात मिळाला. त्याचा पहिला काढून घेतला गेला नाही. मी माझ्या मुलाला काय शिकवीत होतो याचा हिशेब या उदाहरणांशी ताडून पाहिला तेव्हा तो जुळेना.

तो हिशेब आता मांडतो. बंदुकीच्या आधी दोन वर्षे, पहिलीत असताना, चिरंजीव पाटीवर डाव्या हाताने लिही. मी ते बंद केले. मारले नाही, त्या काळच्या मानाने मी सौम्य बाप समजला जाई. अभ्यासाला बसताना त्याचा डावा हात रुमालाने खुर्चीच्या दांड्याला सैलसा बांधीत असे, आणि तो सैलसा होता हे मी सौ.ला अभिमानाने सांगत असे. सहा महिन्यांत त्याचे उजव्या हाताचे अक्षर सुरेख झाले. शाळेतून कौतुक आले. त्याच सुमारास त्याने चित्रे काढणे सोडले. त्यापूर्वी तो मिळेल त्या कागदावर, माझ्या दौऱ्याच्या बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवरसुद्धा, बैल, ट्रक आणि पंतप्रधान काढीत बसे. एकाचा परिणाम दुसरा असे मी म्हणत नाही. मुले अनेक गोष्टी आपण होऊन सोडून देतात. तरी त्या दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या आणि मी पहिलीच तेवढी लक्षात ठेवली.

आमच्या वसाहतीला पूर्वी विनयनगर म्हणत. विनय या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शिस्त, वळण लावणे असा आहे, नम्रता हा नंतरचा. नाव बदलून सरोजिनी नगर झाले, एका कवयित्रीचे, पण घरांतून विनयनगरच चालू होते. आमच्या तर नक्कीच.

मराठी भाषा या बाबतीत आपल्याला फारशी मदत करीत नाही. कोणाला उपेक्षून पुढे जायचे तर आपण त्याला डावलतो. कन्या सुस्थळी पडली की ती उजवली. एखादा दुसऱ्यापेक्षा सरस ठरला की तो उजवा. जे नैतिक मत आपण विचार करून बनविले असे समजतो ते कितीदा तरी असे शब्दांच्या पोटातून आपल्याला आयते मिळालेले असते. पण त्याच भाषेत, त्याच चालीरीतींत उलट साक्षही आहे. जेवणाच्या पानात डावी बाजू चटण्या-कोशिंबिरींची, लोणच्याची, लिंबाची, मीठसुद्धा तिकडेच. ती बाजू काढली तर उरलेल्या पानाला चव काय राहील? जानवे सव्य असते ते डाव्या खांद्यावर, आणि सव्य या शब्दाचा अर्थच मुळी डावा. ते उजव्या खांद्यावर नेले की अपसव्य झाले, ते पितरांच्या कामाला. अष्टविनायकांत सिद्धटेकचा तेवढा उजव्या सोंडेचा. तो कडक, त्याचे सोवळे सांभाळावे लागते, म्हणून घरात आपण डाव्या सोंडेचा गणपती बसवितो. तो मवाळ असतो. चुकले तर चालवून घेतो. देवाच्या बाबतीत जे शहाणपण आपल्या पूर्वजांनी दाखविले ते मुलाच्या बाबतीत दाखविण्याचे मला सुचले नाही.

संग्रहालयाच्या फेरीनंतर आठवड्याने नानांनी आणखी एक गोष्ट केली. आम्ही दोघे व्हरांड्यात बसलो असताना त्यांनी चिरंजिवाला बोलाविले आणि सांगितले, की दोन्ही हात लांब करून पंजे असे जुळव की मध्ये रुपयाएवढे भोक राहील, आणि त्यातून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहा. मग एकेक डोळा मिटायला लावले. ज्या डोळ्याने टाकी भोकात राहते तो नेम धरणारा डोळा. कोणत्याही हाताने लिहिणाऱ्या माणसाचा हा डोळा डावा असू शकतो किंवा उजवा. हात आणि डोळा यांची युती असतेच असे नाही, आणि बंदूक बांधणाऱ्याने चापाची बाजू ठरविताना हाताइतकेच डोळ्यालाही विचारावे लागते. चिरंजिवाचा डोळा डावा निघाला. नानांनी मग मलाही पाहायला सांगितले. मी पाहिले, उजवा डोळा मिटला, टाकी जागच्या जागी. डावा मिटला आणि टाकी नाहीशी झाली. पुन्हा पाहिले. पुन्हा तेच.

महाविद्यालयात असताना मी एन. सी. सी. मध्ये होतो आणि चांदमारीत माझ्या गोळ्या सदैव फळ्याच्या कडेला जात. हात कापतो, असा शेरा मला मिळाला होता, आणि तो मी माझ्या स्वभावाचे वर्णन म्हणून स्वीकारला होता. चाळिशीत मला कळले, की मी नेम एका डोळ्याने धरीत होतो आणि पाहत दुसऱ्याने होतो. ज्या उजव्या जगाचा प्रतिनिधी म्हणून मी मुलाला वळण लावीत होतो, त्या जगाचा मी स्वतःही अर्धाच नागरिक होतो. असे लोक थोडे नसतात. त्यांना कोणी डावखुरे म्हणत नाही एवढेच.

त्यानंतर नानांनी मुलालाच विचारले, "बोल, कोणता करू?" चिरंजिवाने प्रथम माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मग म्हणाला, "उजवा."

त्या पाहण्याचे मी येथे वर्णन करीत नाही. ज्यांना मुले आहेत त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी हाताखालच्या माणसाला "तुमचे मत मोकळेपणाने सांगा" असे कधी म्हटले असेल त्यांनाही. रात्री जेवणे झाल्यावर मी शेजारी गेलो, नेहमीप्रमाणे चुकून उजवीकडे वळलो, आणि नानांना म्हणालो, "डावा करा." माझ्या मनात अजून शंका होती, ती मी बोलून दाखविली. जग उजवेच आहे; एक बंदूक डावी करून दिल्याने त्याला खोटी आशा लागणार नाही का? नाना म्हणाले, "जग उजवे आहे हे त्याला जगच शिकवील, आणि फुकट शिकवील. त्यासाठी बापाची काय गरज?"

मी विचारले, काम कुठवर आले आहे. त्यांनी पितळी पत्रा दाखविला. तीन आठवड्यांत त्याला कानसही लागली नव्हती.

बंदूक दिवाळीपर्यंत झाली. चाप डावा होता, ठिणग्या लालभडक उडत, आणि चिरंजीव ती अशा सहजतेने खांद्याला लावी की जणू वस्तू आधी त्याच्या अंगात होती आणि नंतर बाहेर काढली. येथे गोष्ट संपविली असती तर ती मला सोयीची झाली असती. पण खरे सांगायचे तर बंदुकीला दिलेली मोकळीक मी पेन्सिलीला दिली नाही. रुमाल सुटला होता, तरी लिहायचे ते उजव्या हातानेच, हा नियम राहिला. आता अक्षर चांगले झाले आहे, शाळेत कौतुक होते, मध्येच बदल नको, अशी कारणे मी स्वतःला दिली. खेळ एकट्याचा असतो आणि लिहिणे ओळीतले, असाही एक भेद मी करून पाहिला. पण लिहिताना कोणाच्या डोळ्यात कोणती ठिणगी जाणार होती, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. एवढेच म्हणता येईल, की एक चूक सुधारताना माणूस तिच्या शेजारची चूक जपून ठेवतो. पहिली सुधारल्याचे समाधान दुसरीला पांघरूण घालायला पुरते.

चिरंजीव आता पन्नाशी ओलांडून गेला. उजव्या हाताने लिहितो, बाकी सर्व डाव्याने करतो. मागे एकदा धीर करून मी त्याच्यापाशी हा विषय काढला. तो हसला. म्हणाला, "बाबा, तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्याने खेळतो. माझे उलटे झाले, एवढेच." हे खरे की मला बरे वाटावे म्हणून, ते मी विचारले नाही. मुलगा लहानपणी बापाच्या तोंडाकडे पाहून उत्तर देतो, तसा पुढेही देत असेल.

नाना निवृत्त होऊन गेले, आम्हीही निघालो. २०१६ साली मंत्रिमंडळाने ज्या सात वसाहतींच्या पुनर्बांधणीला मंजुरी दिली त्यांत सरोजिनी नगर होते, आणि ती बैठी-दुमजली घरे पुढे पाडली गेली. मेट्रोने त्या बाजूला गेलो तेव्हा दोन वेळा बाहेर पडून आमची रांग कुठे असावी याचा अंदाज घेतला. उंच इमारतींमध्ये तो लागला नाही.

बंदूक पुण्याला आमच्याकडे माळ्यावर असते. मागच्या सुट्टीत नात आली होती. तिने ती शोधून काढली. ती उजव्या हाताची. दस्ता उजव्या खांद्याला लावून तिने अंगठ्याने घोडा चाचपला, तो सापडेना, मग मान वाकडी करून पाहिले आणि मला म्हणाली, "आजोबा, हे उलटं बसवलंय." मी म्हणालो, "तुझ्या बाबाची आहे ती." तिने जराशी वाट पाहिली, बंदूक डाव्या खांद्याला नेली, कोणता डोळा मिटायचा याचा थोडा घोळ केला आणि कळ ओढली. घोडा पडला, पण ठिणगी आली नाही. गार झिजून गुळगुळीत झाली आहे. दुसरी आणून देतो असे मी तिला म्हटले आहे. अजून आणलेली नाही.